न पाहिलेल्या झाडाची साल

औषध जितके कडू तितके ते गुणकारी, हा समज आपल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या इतका मुरलेला आहे की, गोड औषध देणाऱ्या वैद्याकडे आपण अजूनही किंचित संशयानेच पाहतो. ज्यांच्या संवत्सराचा आरंभ कडुनिंबाचा पाला चावून होतो, ज्यांच्या घरी तान्ह्या मुलाला गुटी उगाळून दिल्याखेरीज बाळसे धरेल असे कोणी मानीत नाही, आणि ज्यांच्या म्हणीतले कारले तुपात तळले व साखरेत घोळले तरी आपला बाणा सोडीत नाही, त्या समाजाला कडूपणाविषयी आदर वाटावा, यात नवल नाही. हा समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु तो सर्वस्वी खरा मानल्यामुळे आमच्या खानदेशात किती माणसे हकनाक दगावली असतील, याची नोंद कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडावयाची नाही. कडू रसांच्या त्या भल्यामोठ्या मेळाव्यात हिंवतापाच्या मुळावर घाव घालणारी साल आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी एकच निघाली; आणि ती ज्या झाडाची, ते झाड तापीच्या काठी कधी रुजले नाही, आणि ज्यांचे प्राण त्याने वाचविले त्यांनी ते कधी पाहिलेही नाही.

खानदेश हा मुलूख नकाशावर पाहावा तर उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेस सह्याद्रीचे टोक व डांगांचे अरण्य, आणि या तिहींच्या मध्ये तापी व तिच्या उपनद्यांनी भिजविलेली काळ्या जमिनीची ऐसपैस पट्टी, असा दिसतो. आज ज्याला केळीचा आणि कापसाचा प्रदेश म्हणून सारे ओळखतात, तो १८१८ साली पेशवाईचा अंमल उठून कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा कंपनी सरकारचा अधिकारी येथे आला, तेव्हा दुष्काळाने, पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि दंग्याधोप्याने निम्माशिम्मा ओस पडलेला होता; ओस पडलेल्या गावांत रान माजले होते; आणि रानाच्या पाठोपाठ वाघ आला, तसा तापही आला. वाघाचा आणि बंडखोर भिल्लांचा बंदोबस्त सरकारला करता आला. १८२५ साली जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभारली आणि धरणगावास तिचे ठाणे केले, ही हकीगत इतिहासात नमूद आहे. तापाचा बंदोबस्त मात्र पुढची शंभर वर्षे कोणाला साधला नाही. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेले खानदेशचे गॅझेटियर १८८० साली प्रसिद्ध झाले, त्यातही पश्चिमेकडच्या जंगलपट्टीची हवा रोगट असल्याचे वाचावयास मिळते. पुढे १९०६ साली या अवाढव्य जिल्ह्याची पूर्व व पश्चिम खानदेश अशी वाटणी होऊन जळगाव व धुळे ही दोन मुख्य ठिकाणे झाली, तरी नवापूर किंवा अक्राणी महालात बदली होणे ही कारकुनाच्या दृष्टीने शिक्षाच राहिली. तिकडचे ‘पाणी लागते’, असे सारे म्हणत. पाणी लागते हे निदान शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे खरे, पण सत्यापासून ते फारसे दूरही नव्हते. कारण दोष पाण्याचाच होता, फक्त तो पिण्याच्या पाण्याचा नसून डबक्यात, पाटात, विहिरीत आणि नदीच्या डोहात संथ साचलेल्या पाण्याचा होता.

साक्री-पिंपळनेरच्या बाजूस पांझरा, कान आणि बुराई या नद्यांवर बंधारे घालून, पाट काढून, शिवाराचे फड पाडून पाणी वाटून घेण्याची जी पद्धत शतकानुशतके चालत आली आहे, तिचे कौतुक इंग्रज अधिकाऱ्यांनीही केले आणि आपणही रास्त अभिमानाने करतो. सामायिक पाण्याचा इतका शहाणपणाचा विनियोग फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळतो. पण ज्या स्वच्छ, मंद पाण्यावर तेथला ऊस आणि भात पोसला, त्याच पाण्याच्या काठाकाठाने ॲनॉफिलीस जातीचा डासही पोसला जात होता, आणि जेथे पाट तेथे पांथरी, असे म्हणावे इतकी पोटाच्या डाव्या बाजूस वाढलेली प्लीहा घेऊन हिंडणारी पोरे त्या गावांत दिसत.

या तापाचे रूप इतके ठळक की, त्याची ओळख पटण्यास वैद्याची गरज नसे. प्रथम हुडहुडी भरते, दातावर दात आपटतात, चार गोधड्या अंगावर घातल्या तरी थंडी हाडांतून जात नाही. मग अंग तापून भट्टी होते. आणि शेवटी दरदरून घाम सुटून माणूस इतका निवतो की, दुसऱ्या दिवशी तो निंदणीलाही जातो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच वेळेस पुन्हा गोधडीत शिरतो. हे वेळेवर येणे लोकांच्या ध्यानात कधीच आले होते. दिवसाआड येणारा एकांतरा, दोन दिवस सोडून चौथ्या दिवसाच्या हिशेबाने येणारा चौथारा, ही नावे खेड्यातल्या म्हातारीच्याही तोंडी असत. आणि आयुर्वेदाने तर संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक असे विषमज्वराचे पाच भेद करून ठेविले होते. रक्तातील तांबड्या पेशींत शिरलेला परोपजीवी जंतू एका जातीत अठ्ठेचाळीस तासांनी व दुसऱ्या जातीत बहात्तर तासांनी त्या पेशी फोडून बाहेर पडतो, हे कळावयास १८८० साली अल्जीरियात लाव्हरां या फ्रेंच लष्करी वैद्याला सूक्ष्मदर्शकातून तो जंतू दिसावा लागला. पण त्या जंतूच्या घड्याळाचे ठोके आपल्या पूर्वजांनी नाडीवर बोट ठेवून अचूक मोजले होते, हे मला कमी महत्त्वाचे वाटत नाही. मोजले खरे, पण ते घड्याळ बंद कसे पाडावे हे त्यांस उमगले नाही.

चोपड्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी माझे आजोळ. भाद्रपदाचे ऊन तापू लागले आणि घरात कोणी ‘ताप उना’ म्हणाले की, आजी फडताळातून किराईताची जुडी काढी. रात्री मातीच्या बोळक्यात ते भिजत पडे, सकाळी त्यात गुळवेलीचे कांड ठेचून, सुंठीचा तुकडा टाकून, अष्टमांश उरेपर्यंत ते आटविले जाई, आणि ते काळपट पाणी आम्हांस नाक दाबून प्यावे लागे. ताप चढतच राहिला तर सागरगोटा भाजून, त्याची कडू मगज मिऱ्यांबरोबर खलून देत. शेजारचा पावरा गडी डोंगरातून कसली तरी साल आणून देई आणि तिचे नाव विचारले की नुसता हसे. ही औषधे म्हणजे अडाण्यांचा बाजार, असे समजण्याचे कारण नाही. १८६८ साली सरकारच्या हुकुमाने डॉक्टर वेअरिंग यांनी ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात सागरगोट्यासारख्या देशी तापहारक द्रव्यांना मानाचे स्थान दिलेले आहे. धुळ्यास पाचकंदिलाच्या बाजूला काष्ठौषधी विकणाऱ्याच्या दुकानात अजूनही जावे. तो काडेकिराईत, सातविणीची साल, कुड्याची साल, इंद्रजव, कुटकी, पित्तपापडा असे एकेक पोते उघडून दाखवील आणि प्रत्येकाबद्दल ‘तापावर चालते’ म्हणूनच सांगेल. त्यांपैकी काहींनी अन्नावर वासना येते, काहींनी पोट साफ होते, कुड्याच्या सालीने आंव थांबते, हे खरेच आहे. पण हिंवतापाचा जंतू मारण्याच्या कसोटीस यांतले एकही द्रव्य कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, जवळपास पोहोचले नाही. सातविणीची साल तर फिलिपाइन्सपासून हिंदुस्थानापर्यंत कोयनेलची जागा घेईल म्हणून कितीदा गाजली, आणि प्रत्येक वेळी परीक्षेत नापास झाली. ताप उतरे तो पुष्कळदा आपल्या वेळेने उतरे, आणि श्रेय काढ्याला मिळे. औषधावाचून खोकला गेल्याचा हा आणखी एक प्रकार.

हे कोयनेल ज्या झाडाच्या सालीतून निघते, त्या सिंकोनाची खरी साल मी पाहिली ती धुळ्यातल्या एका औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात, काचेच्या बरणीत. बाहेरून राखी-करडी, आडव्या बारीक भेगांनी चिरलेली, कोठे कोठे दगडफुलाचे पांढुरके डाग चिकटलेली, दोन्ही कडांनी आत वळून तिची नळी झालेली. आतली बाजू मात्र तांबूस, वीट फोडावी तशी. तिथल्या प्राध्यापकांनी चिमूटभर भुकटी कोरड्या परीक्षानळीत घालून ज्योतीवर धरली, तेव्हा नळीच्या वरच्या भागात जांभळट-तांबडी वाफ जमली. मग त्यांनी कोयनेलचा एक कण सौम्य गंधकाम्लात विरघळवून तो प्याला खिडकीतल्या उन्हात ठेवला. पाणी होते तसेच स्वच्छ. पण उन्हाकडच्या कडेला त्यात आकाशी निळी झाक उमटली, आणि सावलीत नेताच ती नाहीशी झाली. उन्हातला न दिसणारा किरण शोषून दिसणारा निळा प्रकाश परत देण्याचा हा गुण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जॉन हर्शेल आणि स्टोक्स यांनी कोयनेलच्या द्रावणातच अभ्यासिला होता. सालीचा एक कपचा मी जिभेवर ठेवला. आधी तोंडात तुरटपणा आला, आणि मग कडूपणा आला तो जिभेच्या मुळाशी जाऊन बसला, आणि दुपारच्या जेवणातही गेला नाही. किराईताहून ती फार कडू होती असे मला वाटले नाही. जिभेला जर परीक्षा करावयास सांगितले असते, तर तिने या दोहोंत काहीच निवड केली नसती.

ही साल मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावरची. आजच्या एक्वादोर देशातील लोहा गावच्या परिसरात तापाचे झाड वाढते, त्याची साल दालचिनीच्या रंगाची असते, आणि तिची भुकटी दोन लहान नाण्यांच्या वजनाइतकी पेयातून दिली असता ताप हटतो, असे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कालांचा नावाच्या धर्मोपदेशकाने लिहून ठेविले. पेरूच्या व्हाइसरॉयची पत्नी, चिंचोनची काउंटेस, या सालीने बरी झाली आणि तिने ती युरोपात नेली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचली, आणि लिनियसने झाडाचे नावही तिच्यावरून ठेविले. पण पुढे व्हाइसरॉयच्या रोजनिशीवरून ती निव्वळ दंतकथा ठरली. साल नेली ती जेझुइट पाद्र्यांनी. रोम शहर तेव्हा दलदलीच्या तापाने असे पछाडलेले की, पोपच्या निवडणुकीस जमलेले कार्डिनलही त्यातून सुटत नसत. तेथील गोरगरिबांस कार्डिनल दे लुगो याने ही भुकटी वाटली; द्राक्षाच्या मद्यात घोळून, थंडी वाजू लागण्याच्या आधी ती द्यावी, असा तिचा विधी ठरला. पाद्र्यांची भुकटी म्हणून प्रॉटेस्टंट मुलखांत तिचा द्वेष झाला. टॅल्बर नावाच्या इंग्रज भोंदूने तीच भुकटी गुप्त औषध म्हणून राजेरजवाड्यांस विकून पैसा केला, आणि भोंदू असूनही त्याचे रोगी बरे झाले, कारण औषध खरे होते.

परंतु या सालीने वैद्यकावर केलेला खरा उपकार याहून निराळा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १७१२ साली मोडेना येथील वैद्य फ्रान्चेस्को तोर्ती याने तापावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात एका वृक्षाचे चित्र छापले. त्या वृक्षाच्या काही फांद्या सालीने झाकलेल्या, काही उघड्या-बोडक्या. सालीच्या फांद्यांवर जे ताप लिहिले ते सिंकोनाने बरे होतात. बोडक्या फांद्यांवरचे होत नाहीत. तोवर सारे जग असे मानी की, ताप हा एकच, फक्त त्याच्या तऱ्हा अनेक. आणि औषधही एकच, ते म्हणजे रोग्याच्या अंगातील दोष काढून टाकणे. या सालीने प्रथमच दाखविले की, एक विशिष्ट औषध एका विशिष्ट तापावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही. अर्थात ताप अनेक आहेत. आमच्या काष्ठौषधीवाल्याच्या प्रत्येक पोत्यावर ‘तापावर चालते’ असे लिहिलेले असते. तोर्तीच्या झाडाने मात्र ‘कोणत्या तापावर?’ हा प्रश्न विचारला. तृतीयक-चतुर्थक हे भेद आपणांस ठाऊक होते, पण त्या भेदांगणिक औषध पारखून त्याची नोंद ठेवण्याची शिस्त आपण लावून घेतली नाही, हे कबूल केले पाहिजे.

१८२० साली पॅरिसच्या पेलेत्ये व काव्हाँतू या दोन रसायनज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे काढले, आणि भुकटीऐवजी गुंजांनी मोजून देता येईल असे शुभ्र औषध हाती आले. साम्राज्ये वाढवू पाहणाऱ्या युरोपीय सत्तांना ते तोफांइतकेच आवश्यक वाटू लागले. क्लेमेंट्स मार्कहॅम हा १८६० साली अँडीजमधून सिंकोनाची रोपे घेऊन उटकमंडास आला. तांबड्या सालीच्या जातीचे बी व रोपे रिचर्ड स्प्रूस याने एक्वादोरात जिवावर उदार होऊन गोळा केली. आणि दोडाबेट्ट्याच्या उतारावर विल्यम मकायव्हर या सरकारी उद्यानाच्या अधिकाऱ्याने ती जगविली. त्याची एक युक्ती ऐकण्यासारखी आहे. झाड तोडून साल काढली की झाड जाते. म्हणून तो खोडावरची साल उभ्या पट्ट्यांनी, आतल्या ओल्या थराला धक्का न लावता सोलून घेई, आणि उघड्या पडलेल्या जागेवर शेवाळाचा ओला लेप बांधी. त्या शेवाळाखाली नवी साल भरून येई, आणि ती पहिलीहून अधिक सत्त्वाची निघे. मद्रास सरकारने आयोग नेमून सालीतील चारही अल्कलॉइडे जवळजवळ अडीच हजार तापकऱ्यांवर तपासून पाहिली, आणि महागड्या क्विनीनइतकीच बाकीची तिन्हीही बहुतेक उपयोगी पडतात असे आढळले. दार्जिलिंगजवळ मंगपूस बंगाल सरकारचे मळे व कारखाना उभा राहिला. पुढे त्याच मंगपूस कारखान्यातील रसायनज्ञाच्या पत्नी मैत्रेयीदेवी यांच्या घरी रवींद्रनाथ आयुष्याच्या उत्तरकाळी पाहुणे म्हणून राहत.

आपल्या मुंबई इलाख्यातही हा प्रयोग झाला, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. महाबळेश्वरास लिंगमळ्याच्या बाजूस सरकारने सिंकोना लावून पाहिला. पण वर्षभर थोडाथोडा पाऊस आणि पायाशी पाणी न साचणारा उतार हे त्या झाडाचे दोन्ही हट्ट. आणि महाबळेश्वरास चार महिने आभाळ फाटते व आठ महिने कोरडे जातात. मळा सोडून द्यावा लागला. धबधबा पाहावयास जाणाऱ्या प्रवाशांस आज तेथे स्ट्रॉबेरी मिळते. सिंकोनाचे नावही कोणी घेत नाही. जे महाबळेश्वरास जमले नाही ते तापीकाठच्या वैशाखात जमण्याची गोष्टच नको.

तरीही त्या झाडाचे कुल खानदेशास अपरिचित नाही. वनस्पतिशास्त्रात सिंकोनाचा समावेश कदंब-कुलात होतो. आणि सातपुड्यातले हेदू, कळंब, गेळ हे सारे त्याचे भाऊबंद. याच कुलातला एक आप्त मात्र असा आहे की, त्याच्या आणि सिंकोनाच्या नशिबाची गाठ विलक्षण रीतीने पडली. तो म्हणजे आल. आलाची शेती हा एके काळी खानदेशातील, वऱ्हाडातील व माळव्यातील नाणावलेला व्यवहार होता. काळ्या जमिनीत बी पेरून दोन-तीन वर्षे थांबावयाचे, मग खोल खणून मुळे काढावयाची, त्यांतली बोटाहून बारीक ती उत्तम व जाड ती हलकी अशी प्रतवारी लावावयाची, आणि तुरटीत भिजविलेले कापड त्या मुळ्यांच्या रंगात उकळावयाचे. त्यातून जो पक्का लाल रंग उठे, तो खारव्याला, गाद्यागिरद्यांच्या अस्तरांना, लुगड्यांना लागे. फैजपूरच्या रंगाऱ्यांचे नाव तर दूरदूरपर्यंत पोचलेले.

आता लंडनकडे पाहा. क्विनीन झाडावाचून, कोळशाच्या डांबरातून बनवावे, या खटपटीत १८५६ सालच्या ईस्टरच्या सुटीत विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरच्या प्रयोगशाळेत गुंतला होता. क्विनीन त्याला साधले नाही, साधण्यासारखे नव्हतेही; पण भांड्याच्या तळाशी जो काळा गाळ राहिला, तो मद्यार्कात विरघळविताच सुंदर जांभळा रंग झाला, आणि त्याने रेशीम रंगविता आले. कृत्रिम रंगांचा धंदा तेथून सुरू झाला. १८६९ पर्यंत जर्मन रसायनज्ञांनी, आणि त्यांच्या पाठोपाठ खुद्द पर्किननेही, मंजिष्ठेतील लाल द्रव्य अलिझरीन डांबरातून काढले. आणि काही वर्षांतच स्वस्त विलायती लाल रंगाचे डबे खानदेशच्या बाजारात येऊन पडले. दोन-तीन वर्षे जमिनीत अडकून राहणारे आलाचे पीक कोण कशाला घेईल? शेतकऱ्याने ते रान कपाशीला दिले. सिंकोनाच्या शोधात निघालेल्या एका पोराने सिंकोनाच्याच भाऊबंदाला आमच्या शेतांतून हुसकून लावले, हा कार्यकारणभाव मला जेव्हा प्रथम उमगला, तेव्हा बराच वेळ दुसरे काही सुचेना. कोयनेल आमच्या मुलखात आले ते पुडीतून. पण त्याच्या आधी त्याचा हा अनौरस वंशज रंगाच्या डब्यातून येऊन पोचला होता.

पुडीची गोष्टही सांगितली पाहिजे. १८९२ साली बंगाल प्रांतात टपाल कचेऱ्यांतून कोयनेलच्या पुड्या एकेक पैशास विकण्याची योजना निघाली आणि ती हळूहळू इतर इलाख्यांतही पसरली. ज्या गावात दवाखाना नाही तेथेही टपाल जाते, हा त्यामागील हिशेब निःसंशय शहाणपणाचा होता, आणि लोककल्याणाची इतकी साधी व स्वस्त योजना त्या सरकारला क्वचितच सुचली असेल. पण पुडी दाराशी येणे निराळे आणि ती पोटात जाणे निराळे. कोयनेल ‘गरम पडते’, त्याने कान बहिरे होतात, गरोदर बाईने ते घेऊ नये, घेतलेच तर वर दूध भरपूर प्यावे, असे नाना समज होते. त्यांतला कानांचा समज खोटा नव्हता. मात्रा जरा वाढली की कानांत भुंगे घुमू लागतात, हे प्रत्येक वैद्यकग्रंथ सांगतो. कोणी भुकटी गुळाच्या खड्यात कोंबून गिळी, कोणी केळ्यात. आणि थंडी थांबली की पुडीही थांबे. मग दोन-चार महिन्यांनी, डास चावण्याचे दिवस नसतानाही, ताप ‘उलटे’. आणि कोयनेल पोकळ ठरे. वास्तविक हिंवतापाच्या नेहमीच्या जातीचा जंतू यकृतात दडी मारून बसतो आणि कोयनेलचा हात तेथवर पोचत नाही; पण हे त्या काळी वैद्यांनाही माहीत नव्हते, तर खेडुताला दोष कोण देणार?

या सालीच्या इतिहासात ज्यांना दोष दिला गेला व ज्यांना श्रेय मिळाले, त्यांची यादी एकूणच न्याय्य नाही. सर्वांत सत्त्वशील जातीचे बी बोलिव्हियाच्या रानातून हुडकून आणणारा मानुएल इन्क्रा मामानी हा तेथील रहिवासी. त्याने ते चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्यास दिले, लेजरने ते डचांना विकले, डचांनी जावा बेटावर त्याचे मळे करून जगाच्या बाजारावर सत्ता गाजविली, आणि जातीला नाव मिळाले लेजरचे. मामानीला बी देशाबाहेर दिल्याबद्दल तुरुंगात घालून मारहाण झाली, व त्यातच त्याचा अंत झाला. आजोळचा तो नाव न सांगता हसणारा पावरा गडी मला या ठिकाणी आठवतो. त्याची साल तापावर चालत होती की नाही, हे कोणी तपासले नाही. पण चालली असती तरी तिला त्याचे नाव मिळाले नसते, एवढे खास.

१९४२ च्या मार्चमध्ये जपानने जावा घेतली आणि जगाला लागणाऱ्या कोयनेलपैकी सुमारे नव्वद टक्के एका फटक्यासरशी शत्रूच्या हाती गेले. त्या टंचाईच्या दिवसांत कृत्रिम औषधांचा शोध निकराने चालला. हान्स आंडरझाग याने १९३४ सालीच जर्मनीत बनविलेले व बाजूस टाकलेले क्लोरोक्विन युद्धानंतर घरोघर पोचले. १९५३ साली सरकारने देशभर हिंवताप नियंत्रणाची मोहीम काढली, आणि आमच्या पिढीच्या आठवणीत कोयनेलची पुडी नाही, तर खाकी कपड्यातला हिंवताप कर्मचारी आहे: दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर फेरीची तारीख लिहिणारा, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरणारा, आणि हाती गोळ्या ठेवून ‘समोरच गिळा’ म्हणून बजावणारा. त्या गोळ्याही कडूच होत्या. पुढे जंतू क्लोरोक्विनला सरावला, आणि चीनच्या तू यूयू यांनी एका देशी वनस्पतीतून काढलेल्या आर्टेमिसिनिनला त्याची जागा द्यावी लागली. २०१५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ती वनस्पतीही चीनच्या जुन्या वैद्यकातलीच. त्यांनी जुन्या पोथीवर नुसती श्रद्धा ठेवली नाही. पोथीतले एकेक औषध प्रयोगशाळेत नेऊन पारखले, जे टिकले तेवढे घेतले, बाकीचे सोडून दिले. आमच्या किराईताला आणि सागरगोट्याला इतकी निष्ठुर परीक्षा घेणारा कोणी भेटला असता तर बरे झाले असते.

एक उपकथा राहिली. १७९० साली सॅम्युएल हानेमान याने निरोगी असताना सिंकोनाची साल खाऊन पाहिली, आपल्याला तापासारखी लक्षणे झाली असे त्याला वाटले, आणि त्यातून होमिओपॅथी जन्मली. जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही होमिओपॅथिक दुकानात ‘चायना’ नावाची बाटली मिळते, ती याच सालीची. आणि साबुदाण्याएवढ्या त्या साखरेच्या गोळ्या गोड असतात. साल इतकी विरळ केल्यावर तिच्यात साल उरत नाही, आणि हिंवतापावर तिचा भरवसा धरणे हा जिवाशी खेळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. गोडाचा भ्रम कडूच्या भ्रमाहून बरा असे मानण्याचे काही कारण नाही.

आता कोयनेलचे राज्य संपले आहे. गंभीर हिंवतापातही आर्टेसुनेटच्या सुईने त्याला मागे टाकले. पण डास गेलेला नाही, आणि गडचिरोलीपासून सातपुड्यापर्यंत रानालगतच्या गावांत भाद्रपद ते कार्तिक हा काळ अजूनही सांभाळण्याचा असतो. त्या दिवसांत थंडी वाजून ताप भरला तर आजीचा काढा अवश्य घ्यावा, त्याने तोंडाला चव येते. पण त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य मिळतात. आणि नेहमीच्या जातीचा हिंवताप निघाला, तर ताप उतरल्यावरही प्रायमाक्विनच्या गोळ्यांचे चौदा दिवस पुरते करावेत. डॉक्टर त्या नेमून देतात त्या ताप उलटू नये म्हणून, आणि अर्ध्यावर सोडल्या तर तो उलटतो.